आधी अर्ज, मग राउटर

दिल्लीतील मयूर विहारमधले एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणा. लेकीच्या प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस आणि नेमका आजच संगणक घरच्या राउटरशी जोडला जात नाही. आई हवालदिल. वडील मोबाइलवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधू लागतात आणि जो आधी दिसेल तो फिरवतात. खरा धोका इथेच असतो. असे नंबर अनेकदा ठगांनीच पेरलेले असतात. 'दुरुस्ती'साठी ते एखादे अ‍ॅप घ्यायला लावतात आणि तुमच्या पडद्याचा ताबा घेतात.

त्याऐवजी मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडा. जोडला गेला, तर आधी अर्ज भरून टाका. शिवाय संगणकाचे वाय-फाय ठीक असल्याचेही कळले. जोडला गेला नाही, तर दोष संगणकात. विमान मोड चुकून चालू झाला आहे का ते पाहा व संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. तोवर मोबाइल चार्जिंगच्या केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग'वर अर्ज भरता येतो.

अर्ज गेला की सवडीने राउटरकडे वळा. मोबाइल डेटा बंद करून घरच्या वाय-फायवर मोबाइल चालतो का पाहा. चालत असेल, तर संगणकात साठवलेले घरचे नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड नव्याने टाका. मोबाइलही चालत नसेल, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू करा व दोनेक मिनिटे थांबा. फायबरच्या यंत्रावर 'एलओएस'चा लाल दिवा असेल, तर बाहेरून सिग्नलच येत नाही, तक्रार नोंदवावी. संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही, असे समजा. जोडणी केवळ स्वयंपाकाच्या वेळी तुटते? मायक्रोवेव्ह आणि २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय यांच्या लहरी एकाच पट्ट्यातल्या. राउटर ओव्हनपासून दूर हलवा.

राउटरमागचे 'रीसेट'चे बारीक छिद्र मात्र टोचू नका. कंपनीने भरलेली सारी माहिती पुसली जाते.

तक्रारीचा नंबर बिलावरूनच घ्यावा. चुकून पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० वर कळवावे. राउटर उद्याही दुरुस्त होईल. खात्यातून गेलेले पैसे परत मिळतीलच असे नाही.