एका पुस्तकाचा महिना

कथा कशी जन्मते, असे कोणी विचारले, तर पुष्कळांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. लेखक एकांतात बसला आहे, बाहेर चांदणे पडले आहे, एकाएकी त्याला स्फूर्ती होते आणि लेखणी झरझर चालू लागते. हे चित्र मोहक आहे, यात शंका नाही; पण ते बहुधा खोटे असते. इतकेच नव्हे, तर लिहू इच्छिणाऱ्या मुलाला ते अपायकारकही आहे, असे माझे मत आहे. कारण या चित्रावर विश्वास ठेवणारा मुलगा निबंधाची वही उघडून स्फूर्तीची वाट पाहत बसतो. आणि ती आली नाही, म्हणजे ‘लिहिणे हे आपले काम नव्हे’ असे म्हणून वही मिटून टाकतो. वास्तविक चांगली कथा तीन गोष्टींतून उभी राहते : रोजचे काम, पूर्वीचे वाचन आणि भोवतालचे घर. एका प्रसिद्ध पुस्तकाचा जन्म पाहिला, म्हणजे हे सहज पटेल.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडमधील लेखक. १८५० साली एडिंबरो शहरात त्याचा जन्म झाला. ‘ट्रेझर आयलंड’, म्हणजे खजिन्याचे बेट, ही त्याची कादंबरी जगभरच्या मुलांनी आवडीने वाचली आहे. जिम हॉकिन्स नावाचा एक मुलगा, त्याच्या हाती लागलेला एक नकाशा, दूरच्या बेटावर पुरलेला खजिना आणि तो बळकावू पाहणारा एका पायाचा चाचा लाँग जॉन सिल्व्हर, अशी ही कथा आहे. या कादंबरीचा पहिला भाग १८८१ सालच्या ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबर महिन्यात लिहिला गेला.

त्या वेळी स्टीव्हन्सनची स्थिती कशी होती? त्याने वयाची तिशी गाठली होती. फुप्फुसांच्या विकाराने त्याची प्रकृती खालावली होती. त्याची काही पुस्तके प्रसिद्ध झाली होती. पण लेखणीच्या जोरावर संसार चालावा इतकी प्राप्ती होत नव्हती, आणि पैशासाठी वडिलांकडे पाहावे लागत होते. त्याच्या घराण्याचा व्यवसाय दीपगृहे बांधण्याचा. आजोबांनी बेल रॉक या समुद्रातील खडकावर बांधलेले दीपगृह प्रसिद्ध आहे. वडील थॉमस स्टीव्हन्सन हेही त्याच व्यवसायातील नामांकित अभियंते होते. मुलाने हाच व्यवसाय पुढे चालवावा, अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु मुलाने लेखणी पत्करली. अशा वडिलांसमोर, तिशी उलटत असताना, आपली निवड योग्य होती हे सिद्ध करण्याची वेळ त्याच्यावर आली होती.

त्या उन्हाळ्यात हे कुटुंब स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ब्रेमार या गावी एका लहानशा घरात राहिले होते. स्टीव्हन्सन, त्याची पत्नी फॅनी, त्याचे आईवडील आणि फॅनीला पहिल्या विवाहापासून झालेला तेरा वर्षांचा मुलगा लॉईड, अशी मंडळी त्या घरात होती. हवा थंड होती आणि पाऊस उसंत घेत नव्हता. बाहेर खेळता येईना, म्हणून लॉईडने रंगपेटी काढली आणि घराच्या एका खोलीत आपली चित्रशाळा मांडली. स्टीव्हन्सनही मधूनमधून त्याच्या शेजारी बसून चित्रे काढू लागला. तेथेच एक दिवस एका बेटाचा नकाशा तयार झाला. नकाशा आपण काढला, असे स्टीव्हन्सनने पुढे लिहिले. तो आपण काढला होता, असे लॉईडने मोठेपणी सांगितले. वाद कोणाच्या बाजूने सुटेल ते सुटो. दोघांनाही तो आपला वाटावा, हेच मला महत्त्वाचे वाटते. त्या नकाशाकडे पाहता पाहता स्टीव्हन्सनला झाडीतून डोकावणारी माणसे दिसू लागली, आणि त्याने प्रकरणांची यादी करावयास घेतली.

येथपर्यंतच्या गोष्टीला कोणी स्फूर्ती म्हणेल, तर म्हणो. पण नकाशे पुष्कळ मुले काढतात. त्यांतून पुस्तक का होत नाही? कारण त्यानंतरचे काम होत नाही. स्टीव्हन्सन रोज सकाळी लिहावयास बसे. रोज एक प्रकरण, असा त्याचा क्रम होता. त्याच्याच सांगण्याप्रमाणे पंधरा दिवसांत त्याने पंधरा प्रकरणे लिहिली. प्रकृती बरी नाही, पाऊस थांबत नाही, पैशाची चिंता आहे, या सबबी त्याच्याजवळ होत्याच. त्याने त्या वापरल्या नाहीत.

दुपारचे जेवण झाले, की सकाळी लिहिलेले प्रकरण तो घरच्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवी. या वाचनाचे महत्त्व मला फार वाटते. घरातल्या माणसांचे कान हे लेखकाचे पहिले परीक्षक होत. कथा कोठे रेंगाळते, कोठे संशयास्पद होते, हे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर तत्काळ उमटते. ही गोष्ट मुलांसाठी होती, आणि पारखणारा एक मुलगा घरातच होता. कथेत स्त्रिया आणू नयेत, असा लॉईडचा आग्रह होता, आणि जिमच्या आईसारखा एखादा अपवाद सोडला, तर लेखकाने तो पाळलाही. वडीलधाऱ्या लेखकाने तेरा वर्षांच्या मुलाचे म्हणणे इतक्या गंभीरपणे ऐकावे, ही गोष्ट लहान नाही.

परंतु या वाचनाचा सर्वांत मोठा लाभ निराळाच झाला. दीपगृहे बांधणारे वृद्ध थॉमस स्टीव्हन्सन ती कथा ऐकता ऐकता स्वतःच मूल झाले. त्यांना पूर्वीपासून एक सवय होती : रात्री झोप येईपर्यंत ते गलबतांच्या, दरोडेखोरांच्या आणि रस्त्यालगतच्या खाणावळींच्या गोष्टी मनाशी रचीत असत. आता त्यांना तसा विषय घरबसल्या मिळाला. कथेतील बिली बोन्स या खलाशाची पेटी उघडण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्या पेटीत कोणकोणत्या वस्तू असाव्यात, याची यादी करण्यात त्यांनी दिवसाचा बराचसा भाग घालविला, आणि मुलाने ती यादी तशीच स्वीकारली. चाच्यांचा नायक फ्लिंट याच्या जुन्या जहाजाला ‘वॉलरस’ हे नाव त्यांच्याच इच्छेवरून मिळाले. ज्या लेखणीवरून पितापुत्रांत मतभेद झाला होता, त्याच लेखणीच्या कामात पिता असा हौसेने सहभागी झाला. मुलाच्या व्यवसायाविषयी वादाने जे समजले नसते, ते रोजच्या एका प्रकरणाने समजले.

आता वाचनाकडे वळू. लहानपणी स्टीव्हन्सन सतत आजारी असे. अंथरुणाला खिळलेल्या त्या मुलाला त्याची दाई पुस्तके वाचून दाखवीत असे. पुढे तो स्वतः अखंड वाचीत राहिला. ‘ट्रेझर आयलंड’ प्रसिद्ध होऊन बरीच वर्षे लोटल्यावर त्याने एक लेख लिहिला आणि आपल्यावर कोणाकोणाचे ऋण आहे, ते मोकळेपणाने सांगितले. सिल्व्हरच्या खांद्यावरचा पोपट डीफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मधून आला होता. दिशा दाखविणारा सांगाडा एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाकडून आला होता. बेटावरील लाकडी कोट कॅप्टन मॅरियटच्या पुस्तकातला होता. बिली बोन्स आणि त्याची पेटी यांचे मूळ वॉशिंग्टन आयर्व्हिंगच्या एका पुस्तकात होते. लिहिताना मात्र हे सारे आपलेच आहे, असे त्याला वाटत होते.

मग ही चोरी झाली काय? माझ्या मते नाही. समोर पुस्तक उघडे ठेवून त्यातील वाक्ये वहीत उतरविणे, ही चोरी होय. परंतु वाचलेली गोष्ट मनात वर्षानुवर्षे राहते, इतर गोष्टींत मिसळते आणि नव्या रूपाने बाहेर येते, तेव्हा तिला वाचनाचे फळ म्हणावे. पोपट क्रूसोचा खरा. पण सिल्व्हरच्या खांद्यावर बसून तो जे ओरडतो, त्याने अंगावर जो काटा येतो, तो स्टीव्हन्सनचा आहे. शिवाय त्याने आपले ऋण लपविले नाही. जो वाचतो त्याच्याजवळ साठा असतो. ज्याच्याजवळ साठा नाही, त्याने कितीही वाट पाहिली तरी हाती काय येणार?

या महिन्याचा एक भाग दुःखाचाही आहे, आणि तो सांगितल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. सोळाव्या प्रकरणाच्या प्रारंभीच स्टीव्हन्सनची लेखणी अडली. पुढे शब्द सुचेना. दरम्यान एका पाहुण्याने हस्तलिखित ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकाकडे नेले होते, आणि १ ऑक्टोबर १८८१ पासून कथा क्रमशः छापली जाऊ लागली. आरंभीच्या प्रकरणांची मुद्रिते तपासण्यासाठी येत होती आणि शेवट तर लिहिलेलाच नव्हता! स्टीव्हन्सन घाबरला, पण त्याने हस्तलिखित फेकून दिले नाही. प्रकृतीसाठी त्याला स्वित्झर्लंडमधील डाव्होस या उंच ठिकाणी हिवाळा काढावयाचा होता. त्या प्रवासात त्याने आपल्या कथेचा विचार बाजूला ठेवला आणि एका फ्रेंच लेखकाच्या कादंबऱ्या वाचल्या. डाव्होसला पोहोचल्यावर एके सकाळी तो पुन्हा लिहावयास बसला, आणि काय आश्चर्य! लेखणी पूर्ववत चालू लागली. पुन्हा रोज एक प्रकरण, या क्रमाने त्याने कथा पूर्ण केली. विहीर आटली, की पाणी भरण्यास थोडा वेळ द्यावा लागतो. मात्र पोहरा घेऊन विहिरीवर पुन्हा जावे लागते, हेही तितकेच खरे.

साप्ताहिकात त्या कथेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १८८३ साली ती पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा मात्र तिचा बोलबाला झाला. त्या पुस्तकासाठी प्रकाशकाने शंभर पौंड देऊ केले, याचा स्टीव्हन्सनला केवढा आनंद झाला! तथापि पुस्तक छापावयास देताना आणखी एक संकट आले. सोबत पाठविलेला तो मूळ नकाशा हरवला. स्टीव्हन्सनने सारे पुस्तक पुन्हा बारकाईने वाचले, त्यातील प्रत्येक दिशा आणि अंतर टिपून घेतले आणि वडिलांच्या कचेरीत नवा नकाशा करून घेतला. त्यावर कॅप्टन फ्लिंटची सही वडिलांनीच हुबेहूब चाच्याला शोभेल अशी केली.

‘लेखकाला एकांत हवाच’, असे यावर कोणी म्हणेल. ते मलाही मान्य आहे. सकाळच्या वेळी स्टीव्हन्सनलाही तो मिळत होता. पण एकांत म्हणजे घराशी वैर नव्हे. सकाळी एकट्याने लिहावे आणि दुपारी सर्वांना ऐकवावे, यातच त्या महिन्याचे सामर्थ्य होते. घरातील माणसांनी लेखकाला सकाळ दिली. लेखकाने त्यांना दुपार दिली. दोन्ही बाजूंनी देणेघेणे चालले, म्हणून ते पुस्तक झाले.

तुमच्यापैकी प्रत्येक जण लेखक होईल असे नाही, आणि तसे व्हावे असा माझा आग्रहही नाही. परंतु निबंध लिहावयाचा असो, चित्र काढावयाचे असो, की गणित सोडवावयाचे असो, स्फूर्तीची वाट पाहत बसू नका. ठरलेल्या वेळी बसा. वाचलेले कधी उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून भरपूर वाचा. आणि जे लिहाल, ते घरात मोठ्याने वाचून दाखवा. आजी ऐकेल, वडील ऐकतील, धाकटी बहीण मध्येच प्रश्न विचारील. तिच्या प्रश्नाने रागावू नका. कदाचित कथेतली उणीव तिलाच आधी दिसली असेल. त्याचप्रमाणे घरातील दुसरे कोणी काही वाचून दाखवू लागले, तर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून ऐका. लिहिणाऱ्याला जितकी लेखणीची गरज असते, तितकीच लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसांचीही असते. आणि तसे ऐकणे आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.