मुलाचा कल कोठे पाहावा?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : मुलास कोणत्या शाखेत घालावे? उत्तम गुणांस विज्ञान, मध्यमांस वाणिज्य व उरलेल्यांस कला, असा ठराव बहुधा आधीच झालेला असतो. आमच्या मते हा क्रम उफराटा होय. गुणांवरून मुलाची मेहनत कळते. कल कळेलच असे नाही.

कल पाहावयाचा तो फावल्या वेळात. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली सरकारी हिशेबखात्यात मोठ्या हुद्द्यावर लागले. परंतु कलकत्त्यास कचेरी सुटली की त्यांचे पाय प्रयोगशाळेकडे वळत. १९१७ साली कमी वेतन पत्करून ते प्राध्यापक झाले. १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्येक घरी रामन नसतो, हे आम्ही जाणतो. तथापि बिघडलेला पंखा उघडून बसणारा मुलगा पुष्कळ घरी असतो. त्यास दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आहे. तीवरून अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो.

शाखा निवडताना कोणती दारे मिटतात तेही पाहावे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल व वायुदल यांस मात्र गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र लागते.

पालकांनी सल्ला अवश्य द्यावा. आपली अपुरी हौस मात्र मुलाच्या माथी मारू नये. पुढे आयुष्यभर ते काम त्यासच करावयाचे आहे, तुम्हांआम्हांस नव्हे.