मराठीच्या वर्गात हातड्रिल कशाला?

आपल्या वर्गातल्या मुलांना मराठीतली आज्ञा पटकन कळते. "हात धू", "जेवायला चल", "बूट बाहेर काढ" यांत कुणाचे अडत नाही. पण "हे का बिघडलं?" असे विचारले की उत्तर इंग्रजीत येते. दोष मुलांना देण्यात अर्थ नाही. घरात नळ गळू लागला की आपण पालकही नकळत इंग्रजीत शिरतो. म्हणून आमचे मत असे आहे की वर्षातून निदान दोन रविवार पुस्तक मिटावे, एखादे जुने बिघडलेले यंत्र टेबलावर ठेवावे आणि ते मराठीत बोलत दुरुस्त करावे. सुरुवात हाताने फिरवायच्या ड्रिलने करावी.

हे ड्रिल शोधायला आपल्याला लांब जायला नको. मिलर्स फॉल्स हे गाव आपल्याच मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात आहे. त्याच नावाची, १८६८ साली सुरू झालेली कंपनी अशा हत्यारांसाठी प्रसिद्ध होती. तिची ड्रिले गॅरेज सेलमध्ये अजूनही हाती लागतात. पिस्तुलासारखी मूठ आणि खटका असलेल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट ब्लॅक अँड डेकरला १९१७ साली मिळाले. तरी त्यानंतर कित्येक दशके हातड्रिले बनत आणि विकली जात राहिली.

मुलांच्या दृष्टीने या हत्याराचा मोठा गुण म्हणजे यात जवळपास सगळे उघडे दिसते. दांडा फिरवला की मोठे दातेरी चाक फिरते, ते छोट्या चाकाला फिरवते, आणि छोट्या चाकाच्या आसाच्या टोकाला बिट धरणारा चक असतो. दाते मोजायला लावा. मोठ्या चाकाला ६० आणि छोट्याला १५ दाते असतील, तर दांड्याच्या एका फेऱ्यात बिट चार वेळा फिरेल. गणित झाले, आणि तेही मराठीत.

आता बिघाडाकडे वळू. चाक हलतच नसेल तर पहिला संशय गंजावर जातो, पण पुष्कळदा खरा गुन्हेगार वाळून डिंकासारखे झालेले जुने तेल असते. गंज सोडवणारे पातळ तेल आसाच्या दोन्ही टोकांना थेंब थेंब सोडून रात्रभर थांबावे. जोर करू नये, हातोडी तर मुळीच मारू नये. चाक बहुधा बिडाचे असते. एकदा दाता तुटला की काम वाढले.

चाक फिरते पण मध्येच अडखळते, हा बिघाड आम्हाला सर्वांत आवडतो, कारण तो बोलका आहे. दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच अडत असेल, तर दोष मोठ्या चाकात शोधावा. वरच्या उदाहरणातल्या ड्रिलमध्ये एका फेऱ्यात चार वेळा अडत असेल, तर तो छोट्या चाकात किंवा त्याच्या आसात आहे. दातांत घट्ट बसलेला मळ टोकदार काडीने काढला की बरेचदा एवढ्यावर भागते. बिट डुगडुगत असेल तर ते आधी काचेवर लोळवून पाहावे. ते सरळ निघाले, तर चकाचे जबडे उघडून कचरा किंवा तुटलेली स्प्रिंग शोधावी. आमचे पोट संगणकाच्या प्रोग्रॅममधले दोष शोधण्यावर चालते. तिथेही रीत हीच: दोष केव्हा येतो ते आधी मोजा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

दुरुस्ती म्हणजे नवेकोरे करणे नव्हे, असेही आम्हाला वाटते. मुठीवरचा घामाचा काळा डाग कुणाच्या तरी कष्टाचा आहे, तो राहू द्यावा. जुना रंग घासू नये. अमेरिकेत १९७८ साली बंदी येईपर्यंत घरगुती रंगांत शिसे वापरले जाई, त्यामुळे ती धूळ मुलांच्या नाकात जाता कामा नये. लाकडाला जवसाचे तेल लावलेच, तर फडके चुरगळून टाकू नये, ते आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवावे.

काही पालक म्हणतील, आठवड्याचे दोन तास, त्यात बाराखडी करायची की भोके पाडायची? शंका रास्त आहे. पण बाराखडी आलेले मूल पंधराव्या वर्षी मराठी सोडते, कारण त्या भाषेत त्याला कशावर वाद घालता येत नाही. दुसरे म्हणतील, आम्हालाच शब्द कुठे येतात? ड्रिलला ड्रिल आणि चकाला चक म्हणायला काहीच हरकत नाही. खरी गरज क्रियापदांची आहे: अडकते, घासते, घसरते, सैल पडते, नीट बसत नाही. शिवाय उन्हाळ्यात भारतातून आलेले आजी-आजोबा वर्गाच्या मागच्या रांगेत गप्प बसून असतात. सामता आणि गिरमिट म्हणजे काय, ते त्यांना विचारा. ते उठून टेबलाशी आले, की वर्ग कुणाचा होतो ते पाहा.

चार मुलांमागे एक ड्रिल आणि एक मोठे माणूस पुरे. मुलांनी तीन प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहावीत: काय होत होते? का होत होते? काय केल्यावर थांबले? ती उत्तरे याच पत्रकात छापता येतील. ज्यांच्या तळघरात असे एखादे ड्रिल पडले असेल त्यांनी पुढच्या रविवारी आणावे. ज्यांना हा विचार पटत नाही त्यांनी पुढच्या अंकासाठी आपले मत जरूर लिहून द्यावे.