उतार कोणी दाखवायचा?

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेमविषयी साहित्यचर्चेच्या जागी लिहावे काय, असे आमचे काही प्राध्यापकमित्र विचारतील. आमचे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या खेळाचा गाभा बदललेला नाही. चारपाच जण एकेका पात्राची भूमिका घेतात आणि एक जण त्यांच्यापुढे केवळ शब्दांनी जग उभे करतो. त्याला गेम मास्टर म्हणतात. आम्ही सूत्रधार म्हणू. शब्दांनी जग उभे करणे हे साहित्याचे काम नसेल, तर मग साहित्याचे काम कोणते? खेळ परका आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे आठवावे की कादंबरीही आपल्याकडे बाहेरूनच आली, आणि बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये तिला 'यमुनापर्यटन' करून थेट विधवांच्या दुःखाच्या मुलुखात फिरवून आणले.

आमची तक्रार खेळाविषयी नाही, शोधप्रसंग चालवण्याच्या रूढ झालेल्या रीतीविषयी आहे. पात्रे अनोळखी प्रदेशात शिरतात, वाटेत नदी आडवी येते. खेळाडू विचारतो, पलीकडे जाता येईल काय? सूत्रधार उत्तरतो, फासा टाक. मोठा अंक पडला की उतार सापडतो, लहान पडला की सापडत नाही. यात शोध कोणी घेतला? फाशाने! खेळाडूने काय पाहिले, कशावरून काय ताडले, याला काही मोलच उरले नाही. दुसरे काही सूत्रधार याहून रसिक. ते भयाण, गूढ, निबिड अशा विशेषणांचा पाऊस पाडतात. तो ऐकायला बरा वाटतो, पण त्यावरून कोणताही निर्णय घेता येत नाही.

याचा पडताळा पाहायला फार दूर जायला नको. जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात उभ्या होत्या आणि आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून चालून येत होता. केळणा ओलांडायला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी त्याला निक्षून सांगितले. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तर नदीच्या अलीकडे एक गाव आणि बरोबर समोर पलीकडे दुसरे गाव दिसले: पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोरच्या दोन गावांत येणेजाणे नाही, हे त्याला पटेना. तेथे उतार असलाच पाहिजे, असे त्याने ताडले, आणि तो निघाला.

आमच्या मते शोधप्रसंगाचा सगळा धडा या एका घटनेत आहे. उतार दडवला होता, पण त्याची खूण उघड्यावर होती. सूत्रधाराने उतार सांगू नये आणि फाशाच्या हवालीही करू नये. त्याने दोन गावे दाखवावीत. पुढचे काम खेळाडूचे. फाशाला जागा आहे, पण ती ऐन पाण्यात, जिथे पाय घसरेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसते तिथे.

अचूक ताडले म्हणजे जग मुकाट्याने वाट देते, असेही नाही. वेलस्ली नदी उतरत असताना पलीकडच्या कवायती पायदळाने शिस्तीने आपली फळी त्याच्याकडे वळवली. ऑरॉक या अधिकाऱ्याच्या हाताखालचे लोक असई गावाकडे नको तितके सरकले, त्यांच्यामागून गेलेली ७४वी पलटण तोफांच्या तोंडी सापडली. लढाई जिंकली, पण सुमारे ४,५०० जणांच्या फौजेतील १,५०० हून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. जे जग खेळाडूच्या निर्णयावर हालत नाही ते जग नसून देखावा आहे, हे सूत्रधारांनी ध्यानात ठेवावे.

यावर आक्षेप येईल की नियम व फासे नसतील तर सूत्रधार मनमानी करील. हा वाद जुनाच आहे. प्रशियन सैन्याचा 'क्रीगस्पील' हा युद्धखेळ १८२४ साली राइसविट्झने नियमबद्ध केला. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा याने त्यातले जडजंबाळ नियम बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निवाड्यावर भिस्त ठेवली. निवाडा न्याय्य ठरतो तो पंचाला मुलुख आधी ठाऊक असेल तरच. उतार कुठे आहे हे खेळाडू विचारण्यापूर्वीच ठरलेले असले, की मनमानीला वाव उरत नाही.

आणि मुलुख म्हणजे केवळ नदीनाले नव्हेत. पिंपळगाव-वरूडच्या माणसांच्या दृष्टीने त्या उतारात शोधण्यासारखे काय होते? ज्याला आपण शोध म्हणतो, ती दुसऱ्याची रोजची पायवाट असते. नाही म्हणणारा वाटाड्या अज्ञानी आहे, भ्यालेला आहे, की परके सैन्य आपल्या शिवारातून जाऊ नये असे त्याला वाटते, हे ज्या सूत्रधाराने ठरवलेले नाही, त्याच्या जगात फक्त पाहुणेच राहतात. जेत्याच्या दुर्बिणीतून दिसते तेवढेच जग मानण्याची खोड या खेळांत मुरलेली आहे, आणि ती आम्हांस निरुपद्रवी वाटत नाही.

शेवटी आमच्या शिक्षकबंधूंना एक प्रश्न. कविता वर्गात आणताना आपण काय करतो? अर्थ आधीच फळ्यावर लिहून मोकळे होतो, किंवा विद्यार्थ्याने मारलेला अंदाज जुळला की गुण, नाही तर शून्य. एक रीत उतार सांगून टाकण्याची, दुसरी फाशाची. मग विद्यार्थी गाईडे विकत घेतात आणि आपण हळहळतो. ही गाईडेही त्या वाटाड्यांसारखी फार ठामपणे बोलतात. मुलांना आधी नदीकाठी उभे करावे, समोरची दोन गावे दाखवावीत, आणि मग थोडा वेळ गप्प बसावे. हे गप्प बसणे आपल्याला जमत नाही, हेच आमचे खरे गाऱ्हाणे आहे.