गप्प केलेली जनुके आणि घाईचे मथळे

कर्करोगावरील संशोधनाची बातमी आली की ‘आता कर्करोग बरा होणार’ हा मथळा ठरलेलाच. असे मथळे रुग्णाच्या घरात खोटी आशा पेरतात आणि संशोधनाचे खरे मोलही झाकून टाकतात.

आयआयटी कानपूर येथील डॉ. बुशरा अतीक यांच्या गटाचे २०१९ मधील संशोधन पाहा. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या एका आक्रमक प्रकारात स्पिंक-१ हे प्रथिन अतोनात वाढलेले आढळते. ते का वाढते, याचा या गटाने शोध घेतला. मायक्रोआरएनए हे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे इवलेसे रेणू असतात. संदेशवाहक आरएनएला चिकटून ते प्रथिननिर्मितीला लगाम घालतात. त्यांपैकी एमआयआर-३३८-५पी आणि एमआयआर-४२१ हे दोन रेणू स्पिंक-१ वर अंकुश ठेवतात. या गाठींमध्ये मात्र ईझेडएच-२ हे विकर या दोघांची जनुकेच गप्प करते. अंकुश सुटतो आणि पेशी बेबंद होतात. हे रेणू कर्कपेशींत पुन्हा वाढवले, तेव्हा उंदरांमध्ये गाठीची वाढ घटली आणि तिचा दूरच्या अवयवांतील प्रसारही कमी झाला.

माझ्या मते या कामाचे मर्म येथे आहे: ही जनुके नष्ट झालेली नसतात, त्यांना गप्प केलेले असते, आणि गप्प केलेल्याला पुन्हा बोलते करता येते. ईझेडएच-२ ला रोखणाऱ्या औषधांनी पेशींमध्ये ते घडवूनही दाखवले.

तरीही उंदरापासून रुग्णापर्यंतची वाट निसरडी आहे. एमआयआर-३४ या रेणूची नक्कल असलेल्या एमआरएक्स-३४ या औषधाची मानवी चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. रोगप्रतिकारक यंत्रणेशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे ती २०१६ मध्ये थांबवावी लागली. एकच मायक्रोआरएनए अनेक जनुकांवर ताबा ठेवतो. त्याची ताकद हीच आणि धोकाही हाच. शिवाय तो नेमका गाठीपर्यंत पोहोचवणे हे वेगळेच आव्हान.

व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत मायक्रोआरएनएचे कार्य उलगडले. त्यासाठीचे नोबेल २०२४ मध्ये मिळाले. मूलभूत संशोधनाचा काळ असा मोजावा लागतो. अशा कामाला सलग, दीर्घ मुदतीचा निधी मिळावा, ही मागणी म्हणूनच रास्त ठरते.

विद्यार्थीमित्रांनो, पुढची बातमी वाचताना एवढेच विचारा: हे कोठे घडले? पेशीत, उंदरात की माणसात? या एका प्रश्नाने मथळ्याचे वजन कळते.