शोकाची वेळ आगीआधीची

गायक-नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, शाहू महाराजांनी उभारलेले त्यांच्या नावाचे कोल्हापूरचे नाट्यगृह जळाले आणि कलावंत, रसिक धाय मोकलून रडले. इमारतीसाठी एवढा आक्रोश कशाला, असे काहींना वाटते. पण पिढ्यान्‌पिढ्यांनी एकत्र अनुभवलेले जिथे साठते, ती वास्तू निव्वळ दगडलाकूड नसते. शोकात बळही असते: १५ एप्रिल २०१९ रोजी पेटलेले पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल जगभरच्या देणग्यांतून डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. मात्र मध्ययुगीन ओकचे मूळ छत गेले ते गेलेच. तिथे आगीचा इशारा देणारी यंत्रणा नव्हती असे नाही. इशारा वेळेत मिळाला, पण पहारेकरी आधी भलत्याच छताखाली गेला आणि सुमारे अर्धा तास वाया गेला. म्हणजे उपकरणांइतकाच सरावही महत्त्वाचा.

हाच धडा आपल्याकडेही लागू होतो. रत्नागिरीत १९१० च्या सुमारास बांधलेला थिबा राजवाडा आहे, त्यात लाकूडकाम आहे, संग्रहालय आहे. खर्चाची सबब इथे टिकत नाही. वीजजोडण्यांची तपासणी आणि अग्निशमनाची रंगीत तालीम पुनर्बांधणीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. पुरातत्त्व विभागाने आणि नगर परिषदेने ही दोन्ही कामे दरवर्षी करावीत आणि त्यांचा अहवाल नागरिकांसमोर ठेवावा.