संघ सतत हरत होता, मग बफेलोचे चाहते एका कॉमेंट्रेटरसाठी एवढे हळवे का झाले?

आरजे म्हटलं की आपल्याकडे रेडिओ जॉकी आठवतो. अमेरिकेतल्या बफेलो शहरात मात्र आरजे म्हणजे एकच माणूस, रिक जेनेरेट. शेवटच्या हंगामात वय 79. काम, बफेलो सेबर्स या आइस हॉकी संघाच्या सामन्यांची कॉमेंट्री करणं. हे काम त्यांनी 1971 पासून केलं, म्हणजे 2021-22 हा त्यांचा 51 वा हंगाम होता. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगमध्ये एकाच संघासाठी इतकी वर्षं कॉमेंट्री दुसऱ्या कुणीही केलेली नाही.

2021-22 चा हंगाम आपला शेवटचा असेल, असं त्यांनी ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं होतं. मग तो शेवट जवळ आला. 1 एप्रिल 2022 ला सेबर्सच्या स्टेडियममध्ये त्यांच्या सन्मानाचा खास कार्यक्रम झाला. एरवी ज्या छताला दिग्गज खेळाडूंच्या नावाचे बॅनर लागतात, तिथे या कॉमेंट्रेटरच्या नावाचा बॅनर चढला.

त्यामुळे सोशल मीडियावर बफेलोचे चाहते तेव्हा जुन्या क्लिप्स शोधून शोधून शेअर करत होते. आता गंमत बघा. याच संघाच्या मॅचला त्या हंगामात 19 हजार क्षमतेच्या स्टेडियममधल्या खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. संघासाठी घराबाहेर न पडणारे लोक एका आवाजासाठी हळवे होत होते. असं का?

आधी बफेलो समजून घ्या

बफेलो न्यूयॉर्क राज्यात असलं, तरी न्यूयॉर्क शहरापासून खूप लांब आहे. ईरी सरोवराच्या काठावर, कॅनडाच्या सीमेला लागून. नायगारा धबधबा इथून जवळच. एकेकाळी पोलाद कारखान्यांमुळे हे शहर भरभराटीला आलं होतं. मग कारखाने बंद पडत गेले आणि माणसं निघून गेली. 1950 मध्ये इथली लोकसंख्या 5 लाख 80 हजार होती, 2020 च्या जनगणनेत ती 2 लाख 78 हजार भरली.

खेळातही नशिबानं साथ दिली नाही. इथला फुटबॉल संघ, बफेलो बिल्स, 1991 ते 1994 अशी सलग चार वर्षं सुपर बोलमध्ये पोहोचला आणि चारही वेळा हरला. सेबर्स 1970 मध्ये एनएचएलमध्ये आले, पण स्टॅनले कप त्यांनी एकदाही जिंकलेला नाही. 1975 आणि 1999 ला ते अंतिम फेरीत हरले. 1999 चा शेवटचा गोल नियमात बसत होता का, यावर बफेलोत आजही वाद होतो.

2011 नंतर तर संघ प्लेऑफमध्येही गेला नव्हता. सलग 10 हंगाम झाले आणि 2021-22 चा अकरावा हंगामही त्याच वाटेनं गेला. तो एनएचएलमधला नकोसा विक्रम ठरला. संघाचा सगळ्यात मोठा स्टार जॅक आयकल नोव्हेंबर 2021 मध्ये वेगास संघाकडे गेला. मार्च 2022 मध्ये तो पाहुणा खेळाडू म्हणून बफेलोत आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

थोडक्यात, कप मिळाला नाही, स्टार टिकले नाहीत, प्रशिक्षक बदलत राहिले. पन्नास वर्षांत न बदललेली गोष्ट एकच, तो आवाज.

या आवाजात एवढं काय होतं?

आइस हॉकी रेडिओवर समजावून सांगणं फार अवघड. पक ताशी 150 किलोमीटरहून जास्त वेगानं सुटू शकतो. बर्फावरचे खेळाडू साधारण दर पाऊण मिनिटाला बदलतात. गोल कधी झाला हे स्टेडियममधल्या माणसालाही अनेकदा कळत नाही. अशा वेळी ऐकणाऱ्याचे डोळे म्हणजे कॉमेंट्रेटर.

जेनेरेट यांची सुरुवात सीमेपलीकडच्या नायगारा फॉल्स गावात झाली. तिथल्या रेडिओ स्टेशनवर ते डिस्क जॉकी होते, म्हणजे आपल्या अर्थानंही आरजेच. 1963 मध्ये नेहमीचा कॉमेंट्रेटर येऊ शकला नाही म्हणून त्यांना बसवलं गेलं, आणि मग ते तिथेच रमले.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य 24 एप्रिल 1993 चं. सेबर्सनी दहा वर्षांत प्लेऑफची एकही मालिका जिंकली नव्हती. समोर बोस्टन, सामना 5-5 बरोबरीत, जादा वेळ सुरू. ब्रॅड मे या तरुण खेळाडूनं बचाव फळीतल्या दिग्गज रे बोर्कला चकवून गोल केला आणि जेनेरेट ओरडले, 'मेडे! मेडे! मेडे!' संकटात सापडलेलं जहाज किंवा विमान मदतीसाठी जी हाक देतं, ती ही हाक. खेळाडूचं आडनाव मे, म्हणून त्या क्षणी सुचलेली ही कोटी. पुढच्याच फेरीत सेबर्स हरले. तरी बफेलोत त्या वर्षाची आठवण निघते ती 'मेडे'चीच.

दुसरं असंच वाक्य गोलपोस्टच्या वरच्या कोपऱ्यात मारलेल्या गोलसाठी, 'वरच्या फळीवर, जिथे आई बिस्किटं लपवते!' हे समजायला हॉकीचा एकही नियम माहीत असावा लागत नाही. ज्याच्या घरी लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवला जायचा, त्याला गोल कुठे गेला ते लगेच दिसतं.

आपल्या संघाच्या गोलला ते बेभान ओरडायचे हे खरं. काहींना हा पक्षपात वाटायचा. पण संघ आळसावून खेळला, तर तेही ते तितक्याच स्पष्टपणे सांगायचे. हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांना सगळं छान चाललंय असं सांगणारा आवाज नको असतो. आपल्यासारखाच वैतागणारा आवाज त्यांना आपला वाटतो.

पण कॉमेंट्रेटर तर आपल्याकडेही आहेत. मग फरक काय?

फरक व्यवस्थेत आहे. आपल्याकडे क्रिकेटच्या एका सामन्याला पाच-सहा जणांचं पॅनल असतं. आज हर्षा भोगले एका मालिकेत, उद्या दुसऱ्या. आयपीएलमध्येही 'मुंबईचा कॉमेंट्रेटर' किंवा 'चेन्नईचा कॉमेंट्रेटर' असा प्रकार नाही.

अमेरिकेत आणि कॅनडात प्रत्येक संघाचे स्वतःचे कॉमेंट्रेटर असतात. 2021-22 मध्ये एनएचएलच्या नियमित हंगामात प्रत्येक संघ 82 सामने खेळला आणि त्यातले बहुतेक स्थानिक चॅनलनं दाखवले. ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी, तोच माणूस घरात बोलत असतो. बफेलोत तर अनेक वर्षं टीव्ही आणि रेडिओ दोन्हीकडे जेनेरेट यांचीच कॉमेंट्री चालायची. दिवाणखान्यात, गाडीत, दुकानात, सगळीकडे एकच आवाज. शेवटच्या हंगामात त्यांच्या शेजारी बसणारे रॉब रे हे सेबर्सचेच माजी खेळाडू. ज्यांच्या मारामाऱ्यांचं वर्णन जेनेरेट करायचे, तेच पुढे त्यांचे सहकारी झाले.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा अनुभव आकाशवाणीच्या काळातल्या पिढीचा. मराठीत क्रिकेट म्हटलं की बाळ ज. पंडित. हॉकीत जसदेव सिंग. 15 मार्च 1975 ला क्वालालंपूरला भारतानं पाकिस्तानला 2-1 नं हरवून विश्वचषक जिंकला, तो इथल्या घराघरांत पोहोचला रेडिओवरून. दृश्य पाहिलेलं नसताना अनेकांच्या मनात तो सामना आजही स्पष्ट आहे, कारण कुणीतरी तो त्यांना सांगितला होता.

मग ही फक्त एका माणसाची निवृत्ती नाही?

नाही. त्या दोन वर्षांत हॉकीतले ओळखीचे आवाज एकेक करून थांबले. माइक एमरिक 2020 मध्ये निवृत्त झाले. पिट्सबर्गचे माइक लँग आणि कॅनडाचे जिम ह्यूसन 2021 मध्ये. शिकागोचे पॅट फोली यांचाही 2021-22 हा शेवटचा हंगाम होता.

त्याच वेळी व्यवस्थाही बदलत होती. 2021-22 च्या हंगामापासून अमेरिकेत एनएचएलचे राष्ट्रीय हक्क ईएसपीएन आणि टीएनटीकडे गेले. स्थानिक कॉमेंट्रेटरला प्लेऑफची फक्त पहिली फेरी मिळते. त्यानंतरचे, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचे सामने टीव्हीवर राष्ट्रीय चॅनलच दाखवतात. केबल घेणारी घरं कमी होत असल्यानं प्रादेशिक चॅनल अडचणीत आहेत. कोविडच्या काळात बाहेरगावच्या सामन्यांची कॉमेंट्री कॉमेंट्रेटरनी घरच्या शहरात बसून, पडद्याकडे बघत केली. ती पद्धत खर्च वाचवते, हे सगळ्यांच्या लक्षात आलंय.

बफेलोत पुढे काय, याचं उत्तर तसं तयार होतं. जेनेरेट यांनी शेवटच्या काही वर्षांत काम कमी केलं होतं आणि 2021-22 मध्येही ते मोजक्याच सामन्यांना होते. उरलेले सामने डॅन डनलीव्ही सांभाळायचे. म्हणजे खुर्ची रिकामी राहणार नव्हती. प्रश्न वेगळाच होता. नव्या माणसाला त्याच खुर्चीत तीस-चाळीस वर्षं बसू देणारी व्यवस्था शिल्लक राहील का?

चांगला कॉमेंट्रेटर शोधता येतो. एखाद्या शहराचा आवाज व्हायला मात्र गुणांसोबत वर्षंही लागतात. 2014 मध्ये जेनेरेट यांना घशाचा कॅन्सर झाला होता. उपचार घेऊन ते परत माइकसमोर आले. तेव्हा बफेलोला पहिल्यांदा जाणवलं असेल की हा आवाज कायमचा नाही.

बफेलो सोडून देशभर विखुरलेल्या लोकांसाठी तर हा आवाज म्हणजे गावाकडची खूण. त्यांचे जुने कारखाने गेले, संघातले खेळाडू दहा वेळा बदलले. पण कुठल्याही शहरात बसून सेबर्सचा सामना लावला की पहिल्या वाक्यात कळायचं, हे आपलं आहे. म्हणून 1 एप्रिलला छताकडे चढलेला बॅनर त्यांच्यासाठी एका माणसाच्या सन्मानापुरता नव्हता. ज्या संघाकडे छताला लावायला स्टॅनले कपचा एकही बॅनर नाही, त्या संघाच्या चाहत्यांनी पन्नास वर्षांत खरोखर काय कमावलं, त्याची ती नोंद आहे.